चौकटींतून साकारलेला मारिओ

संगणकाच्या पडद्यावरील चित्र असंख्य लहान चौकटींचे बनलेले असते. अशा एका चौकटीस ‘पिक्सेल’ म्हणतात. १९८१ साली जपानमधील निन्टेन्डो कंपनीच्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांना उड्या मारणारा एक माणूस रेखाटावयाचा होता. त्यासाठी जागा होती अवघ्या १६ उभ्या व १६ आडव्या चौकटींची. रंग तर तीनच! एवढ्याशा जागेत केस, ओठ दाखवावे कसे?

मियामोतो यांनी युक्ती योजिली. केस काढावे लागू नयेत म्हणून त्यांनी डोक्यावर टोपी चढविली. मोठ्या नाकाखाली मिशी काढली. मग तोंड काढण्याचे कारणच उरले नाही. धावताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून सदऱ्यावर निराळ्या रंगाची, खांद्यावर पट्टे असलेली विजार चढविली. हाच पुढे जगप्रसिद्ध झालेला मारिओ होय.

आजचे संगणक लक्षावधी चौकटी सहज रंगवितात. तरीही ही कला शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम चौकटींच्या वहीत १६ गुणिले १६ चौकटी आखाव्यात व त्यांत एखादे ओळखीचे मांजर रंगवून पाहावे. मांजराचे काय गाळले तरी ते मांजरच राहते, हे ज्याला उमगले, त्याला या कलेचा पहिला धडा आला.