'हॅव' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व उपयोजन : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविला जातो. तरीही कर्जत तालुक्यातील पोशीरसारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यास 'हॅव' हे नित्याचे क्रियापद अडचणीचे ठरू शकते. 'हॅव म्हणजे असणे' एवढाच अर्थ पाठ करून ही अडचण सुटत नाही. प्रस्तुत लेखात तिचे भाषिक स्वरूप स्पष्ट केले आहे.

१. स्वामित्वदर्शक अर्थ :
मराठीत 'हॅव'ला समानार्थी असे एक क्रियापद रूढ नाही. 'असणे' या क्रियापदाबरोबर येणारा विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय स्वामित्वाचा बोध करून देते. उदा. 'शेतकऱ्याला दोन मुलगे आहेत', 'शेतकऱ्याकडे दोन बैल आहेत', 'शेतकऱ्याची पोशीरला जमीन आहे', 'शेतकऱ्याजवळ पैसे आहेत'. नाते, जनावरे, स्थावर मालमत्ता व हाताशी असलेली वस्तू यांतील भेद मराठी असा राखते. इंग्रजीत चारही ठिकाणी 'हॅज' पुरते. शिवाय मराठीत क्रियापद वस्तूच्या वचनानुसार बदलते, तर इंग्रजीत मालकाच्या. म्हणूनच बैल दोन असल्याने 'द फार्मर हॅव टू बुलक्स' अशी चूक संभवते.

२. क्रियादर्शक अर्थ :
'हॅव टी' म्हणजे चहा घेणे, 'हॅव लंच' म्हणजे दुपारचे जेवण करणे, 'हॅव अ बाथ' म्हणजे आंघोळ करणे. येथे 'असणे' हा अर्थ लागू पडत नाही. त्यामुळे 'आय ॲम हॅविंग लंच' हे वाक्य शुद्ध आहे. परंतु 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे प्रमाण इंग्रजीत अग्राह्य ठरते, कारण नाते ही स्थिती आहे, क्रिया नव्हे.

३. साहाय्यक उपयोग :
'आय हॅव टू गो' याचा अर्थ 'मला जावे लागते'. येथे 'हॅव' बंधन सुचविते. पूर्ण वर्तमानकाळात मात्र ते केवळ काळदर्शक असते. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत चालते. इंग्रजीत 'यस्टर्डे' येताच 'हॅव सीन'ऐवजी 'सॉ' योजावे लागते.

निष्कर्ष :
उपरोक्त चुकांमागे बऱ्याच अंशी मातृभाषेची व्यवस्था असते. घरी ठाकरी वा कातकरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यास तर ज्या प्रमाण मराठीतून अर्थ सांगितला जातो, तीही शाळेतच शिकावी लागते. म्हणून उत्तरपत्रिकेतील वाक्य केवळ खोडण्याऐवजी त्याशेजारी मराठी वाक्य मांडून दोन्ही रचनांतील भेद दाखविणे अध्यापनाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरेल.