व्याख्या बदलली की उपायही बदलतो

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लागून असलेल्या नाचणगावचा एखादा विद्यार्थी महाविद्यालयात पूर्ण स्पर्धेचा सिद्धान्त शिकतो. विक्रेत्याला बाजाराची संपूर्ण माहिती असते, श्रम व भांडवल अधिक लाभाकडे विनासायास वळतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. घरी मात्र कर्ज फेडण्यासाठी मिळेल त्या भावात कापूस विकावा लागतो. मग खोटे काय, पुस्तक की घर? हा प्रश्न बालिश नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासपद्धतीचा तोच मूळ प्रश्न होय.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी तो १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मांडला. इंग्लंडच्या अभिजात अर्थशास्त्राची गृहीतके कोणत्याही समाजाला तंतोतंत लागू पडत नाहीत, हिंदुस्थानाला तर मुळीच नाहीत. सबब देशाचा इतिहास व परिस्थिती पाहूनच धोरण ठरवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९५३ साली अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. गृहीतके वास्तव आहेत की नाहीत हे गौण, भाकिते खरी ठरली म्हणजे झाले! परंतु भाकीत चुकल्याची किंमत सिद्धान्तकार मोजत नाही, शेतकरी मोजतो.

याचा अर्थ नुसती आकडेवारी गोळा केली की सत्य हाती लागते, असा नव्हे. मुंबई इलाख्याचे कृषी संचालक कीटिंग यांच्या मते कुटुंबाचा चरितार्थ बऱ्यापैकी चालवील तीच जोत किफायतशीर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ सालच्या आपल्या निबंधात या व्याख्येवरच बोट ठेवले. जोत हे उत्पादनाचे साधन आहे. तिला उपभोगाचे माप लावता येत नाही. बैल, अवजारे, भांडवल व श्रम यांच्याशी प्रमाण पाहिल्यावाचून ती लहान की मोठी हे ठरत नाही. भांडवल अपुरे असताना जोत वाढविणे हा उपाय नव्हे; शेतीवरील अतिरिक्त श्रम उद्योगधंद्यांकडे वळविणे हा खरा उपाय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जमीन तीच, माणसे तीच. व्याख्या बदलताच उपाय बदलला.

म्हणूनच अभ्यासपद्धतीची चर्चा ही विद्वानांची करमणूक मानणे चूक ठरेल. नाचणगावातील पाच एकरांचे शेत किफायतशीर आहे काय, असे विचारण्याआधी तेथे विहीर आहे काय, बैलजोडी स्वतःची आहे काय, कर्ज कोणाचे आहे, हे विचारले पाहिजे. प्रश्नच चुकला तर बिनचूक गणितानेही उत्तर चुकीचेच येते.