पाणी चढायच्या आत

पहाटे ५.३०
लाहौलमधली छोटा शिगरी हिमनदी, ऑगस्ट. तंबूबाहेर पाऊल पडताच कान ओढ्याकडे जातो. आवाज कमी आहे, म्हणजे पाणी उतरलंय. रात्री बर्फाचं वितळणं मंदावतं आणि सकाळी प्रवाह सर्वांत कमी असतो. छत्रू ते बातल रस्त्यावरचे ड्रायव्हर याच हिशेबाने नाले सकाळी ओलांडून घेतात. दगडांवरचं शैवाल गोळा करायला आमच्याही हातात हेच काही तास.

६.४५
हिमनदीच्या तोंडाशी पोचतो. सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा हा बर्फ सरकताना खालचा खडक दळत जातो आणि ते पीठ पाण्यात उतरतं. दुधाळ रंग त्याचाच. पाणी गढूळ असलं की ऊन तळापर्यंत पोचत नाही. शिवाय प्रवाहाला जोर आला की वाळू दगडांची पाठ घासून काढते. गंमत म्हणजे याच पिठातून शैवालाला लागणारा फॉस्फरसही येतो. खायला आहे, पण उजेड नाही आणि मूळ धरायला उसंत नाही.

८.००
दगड निवडायचा तो सपाट, मुठीत मावेल असा. त्यावर रबरी कडं दाबून धरायचं आणि फक्त कड्याच्या आतला भाग टूथब्रशने घासायचा. क्षेत्रफळ ठाऊक असल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. ब्रश धुतलेलं पाणी ट्रेमध्ये, तिथून बाटलीत. वर लुगोलचं आयोडीन, की रंग तांबूस होतो. डोळ्यांना दगड कोरा दिसतो, तरी त्यावर डायटम असतात. सिलिकेचं कवच असलेल्या या एकपेशी जीवांपैकी इथे टिकतात ते बुटके, दगडाला घट्ट चिकटणारे. लांब तंतूंची हिरवी शैवालं या माऱ्यात तगत नाहीत. हात बधिर होतात, तेव्हा काम आळीपाळीने.

१०.३०
बाजूच्या झऱ्याचा ओहोळ. हिमनदीशी थेट संबंध नाही, पाणी नितळ, आणि तळाचे दगड गर्द तपकिरी. हा फरक पाहायला मला दर वेळी नव्याने आवडतो. इथे हायड्रुरस सापडतं: बुळबुळीत, फांद्या फुटलेले तपकिरी झुपके, हातात घेतले की उग्र वास. थंड पाण्यातच वाढणारं हे शैवाल डायमेसा माशीच्या अळ्या खातात. म्हणजे या उंचीवर प्राण्यांचं ताट इथूनच वाढलं जातं.

१.००
खिचडी, चहा, नोंदी.

३.३०
सकाळी जिथे उभे होतो ते दगड बुडालेत. पाण्याखाली धोंडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज काठावर स्पष्ट ऐकू येतो. पाणी संध्याकाळपर्यंत चढतच राहील. आता आत उतरायचं नाही. उन्हाळाभर हे रोज घडतं. म्हणून शैवालाचा खरा बहर सप्टेंबर-ऑक्टोबरात, वितळणं ओसरून पाणी निवळलं की, आणि पुन्हा वसंतात.

६.००
नमुने गाळण-कागदावर गाळून लगेच फॉइलमध्ये गुंडाळतो, कारण उजेडात हरितद्रव्य विघटित होतं. एक थेंब छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली: हनिया डायटम, किंचित वाकलेला, आतल्या बाजूला मधोमध फुगवटा. प्रजातींची पक्की ओळख मात्र पुण्यात, कवचं आम्लाने साफ केल्यावरच.

रात्री ८.००
जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे संशोधक २००२ पासून या हिमनदीची घट-वाढ मोजत आहेत आणि हिशेब एकूण घटीचाच आहे. स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या संशोधकांनी जगभरच्या दीडशेहून अधिक हिमप्रवाहांचे नमुने तपासले. हिमनदी आक्रसते तसा प्रवाह शांत आणि नितळ होतो, आणि तळ हिरवा होऊ लागतो, हे त्यातून दिसलं. ही हिरवळ पाहून समाधान मानणं मला चूक वाटतं. तिच्यासोबत नवे, सर्वत्र आढळणारे जीव येतात, आणि थंड, खळाळत्या पाण्यासाठीच घडलेल्यांची जागा आकुंचन पावते. त्यांना वर सरकायलाही मर्यादा आहे, कारण वर बर्फच संपतोय.

हम्ता खिंड किंवा चंद्रतालला येणाऱ्या मराठी ट्रेकर्सना एवढंच सांगणं: या ओढ्यांत साबण लावून भांडी धुऊ नका. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना बूट स्वच्छ करून पूर्ण वाळवा. न्यूझीलंडमध्ये २००४ साली आढळलेला डिडिमो हा डायटम अशाच ओल्या बुटांवरून आणि मासेमारीच्या सामानावरून नदीनदीत पसरला.