अल्प किमतीचा इअरफोन : निवड आणि पारख

इअरफोन ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. पेढीवर बसून दिवसभर मोबाइलवर भाव विचारणारा व्यापारी, पहाटे भजन ऐकणारी गृहिणी, व्याख्याने ऐकून परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, या सर्वांच्या कानी तो दिसतो. बाजारात मात्र त्याचे प्रकार इतके, की ग्राहकाची मती गुंग व्हावी. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. ध्वनिशास्त्राचे पंडित नव्हे. तथापि मालाची पारख हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे, या मालाची पारख कशी करावी याचा आम्ही यथामति अभ्यास केला. त्याचे सार सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

प्रथम किमतीचा विचार करू. महाग तो उत्तम, हा समज येथे फारसा टिकत नाही. सन २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापे प्रसिद्ध केली. खर्जापासून तीव्र स्वरांपर्यंतचा आवाज कोणत्या प्रमाणात उमटतो, याचा किमतीशी त्यांना काहीही संबंध आढळला नाही. सन २०२२ मध्ये निघालेल्या ‘मूनड्रॉप चू’ या चिनी इअरफोनची किंमत अवघी २० डॉलरच्या आसपास होती; तरीही त्याच्या समतोल आवाजाची जाणकारांनी वाखाणणी केली. महाग मालात काहीच अर्थ नाही, असे आमचे म्हणणे नव्हे. बांधणी, टिकाऊपणा आणि सोयी यांचे मोल असतेच. परंतु गोड आवाज केवळ श्रीमंतांच्याच वाट्याला येतो, असे मात्र नाही.

मग आवाज गोड लागणे कशावर अवलंबून असते? आमच्या मते इअरफोन कानात नीट बसण्यावर, आणि हाच या लेखाचा मुख्य मुद्दा होय. कानात घालावयाच्या इअरफोनच्या टोकाला सिलिकॉनची मऊ टोपी असते. ही टोपी कानाची वाट सर्व बाजूंनी बंद करते, तेव्हा इअरफोन आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये थोडी हवा कोंडली जाते. खर्जाचे स्वर या कोंडलेल्या हवेच्या बळावरच ऐकू येतात. टोपी सैल असली, की फटीतून खर्ज निसटतो व मागे पत्र्याच्या डब्यातून यावा तसा किरटा आवाज उरतो. पुष्कळ लोक अशा वेळी मालाला नावे ठेवतात. वस्तुतः दोष मालाचा नसून टोपीच्या मापाचा असतो.

बहुतेक इअरफोनांबरोबर लहान, मध्यम व मोठ्या अशा टोप्यांच्या जोड्या मिळतात. बसविलेली मध्यम टोपी तशीच वापरू नये. तिन्ही मापे घालून पाहावीत. उजवा व डावा कान नेहमी एका मापाचे असतातच असे नाही. म्हणून दोन कानांना दोन मापांच्या टोप्या लागल्या तरी त्यात वावगे काही नाही. घालताना एका हाताने कानाची पाळी किंचित वर व मागे ओढावी, म्हणजे वाट सरळ होते, आणि दुसऱ्या हाताने इअरफोन हलकेच फिरवीत आत बसवावा. मग गाणे लावून बोटाने तो जरासा दाबून पाहावा. दाबताच खर्ज वाढला, तर फट राहिली आहे असे समजावे व मोठी टोपी घ्यावी. उलट अर्ध्या तासात कान दुखू लागला, तर लहान टोपी घ्यावी किंवा फोमची वापरावी. फोमची टोपी बोटांनी चुरडून आत घालावी व फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावी. ज्याची तार कानावरून मागे नेता येते, असा इअरफोन बरा. तारेचे ओझे कानावर पडत नाही व ती कपड्यांना घासल्याचा आवाजही कमी येतो.

आता आवाजाची परीक्षा. पोत्यावरील छाप वाचून कोणी धान्य घेत नाही. परखी घालून आतला दाणा काढतो आणि दाताखाली चावून पाहतो. येथेही तसेच करावे. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा मजकूर बहुतेक प्रत्येक खोक्यावर असतो. त्यावरून काहीच कळत नाही. आतील स्पीकर १० मिलिमीटरचा असला म्हणजे आवाज उत्तम, असेही नाही. परीक्षेसाठी आपल्या नित्य परिचयाचे गाणे घ्यावे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले व पुढे देवासला स्थायिक झालेले कुमार गंधर्व यांचे एखादे भजन आपल्या घरोघरी परिचयाचे असते. त्यात तंबोऱ्याचा खर्ज सलग ऐकू येतो का, डग्ग्याची घुमक गायकाचा आवाज झाकीत तर नाही ना, शब्द स्पष्ट कळतात का, आणि टाळांचा किणकिणाट कानाला बोचत तर नाही ना, हे चार प्रश्न विचारावेत. खर्जाचा नुसता धमाका करणारा माल पहिली पाच मिनिटे मोहक वाटतो, नंतर शिणवितो.

तारेचा घ्यावा की बिनतारी? त्याच किमतीत आवाजाचा दर्जा पाहिला, तर सामान्यतः तारेचा इअरफोन सरस ठरतो. कारण बॅटरी व इतर यंत्रणेचा खर्च त्यात नसतो. स्वस्त बिनतारी इअरफोनची बॅटरी काही वर्षांत क्षीण होते व बहुधा बदलताही येत नाही. ज्यांना फिरत्या कामात फोन घ्यावे लागतात, त्यांनी सोयीसाठी बिनतारी अवश्य घ्यावा. तारेच्या मालात मात्र तार सुटी करून बदलता येते काय, आणि आपल्या मोबाइलला गोल खाच आहे की टाइप-सी, हे आधी पाहून घ्यावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही किमतीस परत विकत मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास, ही मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला तो आठवड्यास केवळ ४ तास उरतो. ज्याचा इअरफोन सैल, तो बाहेरचा गलका बुडविण्यासाठी आवाज वाढवीत जातो. ज्याचा नीट बसलेला, त्याला मंद आवाजही पुरतो. म्हणजे योग्य मापाची टोपी ही गोडीची नव्हे, तर कानाच्या रक्षणाचीही बाब आहे. मात्र बाहेरचे आवाज अडतात म्हणूनच रस्त्यावर, वाहन चालविताना आणि मार्केट यार्डात मालगाड्या मागे-पुढे होत असता इअरफोन कानात नसावा.

टोप्या आठवड्यातून एकदा काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुवाव्यात व पूर्ण वाळवून बसवाव्यात. जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशाने झाडावा. एकाचा इअरफोन दुसऱ्याने वापरू नये. कान वाहत असेल, तर तो न घालता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सारांश, आधी कानाचे माप, मग आवाज, आणि शेवटी किंमत, या क्रमाने जो खरेदी करील, त्याचे पैसे वाया जाणार नाहीत. पुढील पिढीच्या हाती ही वस्तू देताना आवाजाची मर्यादाही समजावून द्यावी, एवढीच सर्व सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे.