सहा मीटरची साखळी

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून जवळच, क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत गावची वस्ती अडीच हजारांच्या आतच भरली. पण हिवाळा लागला की गावाबाहेरचं वाळवंट माणसांनी भरून जातं. उत्तरेकडची राज्यं आणि कॅनडा इथली थंडी चुकवायला निघालेले लोक, त्यांत बहुतेक निवृत्त जोडपी, आपली चाकांवरची घरं म्हणजे आरव्ही तिथे आणून उभी करतात. जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाची. ला पोसा नावाच्या पट्ट्यात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सात महिने राहण्याचा परवाना मिळतो. पाणी भरायला आणि सांडपाणी सोडायला ठरलेली जागा आहे. वीज मात्र कुणाच्याच दारापर्यंत येत नाही. छपरावरचं सोलर पॅनल आणि पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर, यावरच सगळा संसार.

हा जनरेटर हजार डॉलरच्या वर किमतीचा असतो, दाराबाहेर उघड्यावर असतो आणि एका माणसाला एका हाताने उचलता येतो. चोरीला याहून सोयीची वस्तू त्या तळावर दुसरी नाही. तो कसा सांभाळायचा, हा प्रश्न वरवर कुलपाचा वाटतो. खोलात गेलं की त्यात धातुशास्त्र येतं, गुन्हेगारीचं समाजशास्त्र येतं आणि शेवटी रक्तातलं हिमोग्लोबिनही येतं. चोराच्या भीतीने केलेली एक साधी गोष्ट आतल्या माणसांचा जीव घेऊ शकते, म्हणून या विषयाकडे नीट पाहायला हवं.

आधी हे यंत्र इतकं हलकं कसं झालं ते पाहू. जुन्या पद्धतीच्या जनरेटरमध्ये इंजिनाचा वेग विजेच्या वारंवारतेला बांधलेला असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची; दोन ध्रुवांचा रोटर मिनिटाला ३६०० फेरे फिरला तरच ती मिळते. (आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून ३००० फेरे.) एक दिवा लावा नाहीतर एसी लावा, इंजिन त्याच वेगाने धडधडत राहणार. इन्व्हर्टर जनरेटरने ही गाठ सोडवली. त्यात इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर आधी जास्त वारंवारतेची वीज तयार करतो, तिचं डीसीत रूपांतर होतं, आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट त्या डीसीपासून ६० हर्ट्झची स्वच्छ लहर घडवतं. इंजिन किती वेगाने फिरतंय याच्याशी त्या लहरीचा संबंध उरत नाही, त्यामुळे भार कमी असला की इंजिन हळू, शांत चालतं. शिवाय वारंवारता जास्त असली की तेवढ्याच शक्तीसाठी लोखंड आणि तांबं कमी लागतं. होंडाचा ईयू २२००आय हा तळांवर नेहमी दिसणारा जनरेटर २१ किलोंच्या आसपास भरतो आणि सुमारे सात मीटरवर त्याचा आवाज ४८ ते ५७ डेसिबल असतो. हलकेपणा आणि शांतपणा हे त्याचे सर्वांत मोठे गुण, आणि चोरालाही नेमके तेच हवे असतात.

वजन आणि चोरी यांचं नातं फार पूर्वी लक्षात आलेलं आहे. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली, तरी चोऱ्या का वाढल्या, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी जुने विक्री कॅटलॉग चाळून वस्तूंची वजनं पाहिली. १९६० मध्ये सर्वांत हलका टीव्ही ३८ पौंडांचा, म्हणजे १७ किलोंचा होता. दहा वर्षांनी तो १५ पौंडांवर, सात किलोंच्याही खाली आला. त्यांचं म्हणणं असं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी जुळाव्या लागतात: चोरी करायला तयार असलेला माणूस, उचलण्याजोगी वस्तू आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी. यातली एक जरी हटवली तरी गुन्हा टळतो. माणसांचे स्वभाव बदलत बसण्यापेक्षा हा विचार मला फार उपयोगाचा वाटतो, कारण यातल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

उचलण्याजोगी वस्तू न उचलण्याजोगी करायची म्हणजे साखळी आणि कुलूप. इथे बहुतेक जण पहिली चूक यंत्राच्या मुठीपाशीच करतात. या जनरेटरची मूठ प्लास्टिकची असते. तिच्यातून कितीही भारी साखळी ओवली तरी चोराला साखळी तोडायची गरजच पडत नाही. छोट्या करवतीने मूठ कापली की काम झालं. म्हणून मुठीवर बसवायची पोलादी पट्टी मिळते, किंवा यंत्र सगळीकडून बंद पोलादी पिंजऱ्यात ठेवून तो पिंजरा बांधतात. पिंजऱ्याला हवा यायला-जायला जागा मात्र भरपूर लागते, नाहीतर इंजिन तापून बंद पडतं.

आता साखळी. पोलादाचे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात: कठीणपणा आणि चिवटपणा. पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड केलं की त्यातला कार्बन स्फटिकांच्या जाळीत अडकून पडतो, जाळी ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण होतं. बोल्ट कटरचा जबडा अशा पोलादावर घसरतो, कधी त्याचाच टवका उडतो. पण कठीण पोलाद ठिसूळही असतं; घण घातला की तडकतं. यावरचा उपाय म्हणजे कडीचा फक्त पृष्ठभाग कठीण करायचा आणि गाभा मऊ, चिवट ठेवायचा. वरची कातडी कापू देत नाही, आतला गाभा फुटू देत नाही. चांगल्या सुरक्षा साखळ्या अशाच घडवलेल्या असतात. जाडीचाही हिशेब आहे. कडी कापायला लागणारा जोर तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतो. ८ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची कडी घेतली की चोराला अडीच पटींहून जास्त जोर लावावा लागतो, आणि पुष्कळ कटरांचा जबडा तेवढा उघडतच नाही. तारांची वळलेली केबल जाड दिसते, पण तिच्यातली एकेक तार बारीक असते आणि ती थोडी थोडी कुरतडत कापता येते. आणखी एक गोष्ट: साखळी जमिनीवर लोळती ठेवू नये. कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. साखळी हवेत, ताणून राहिली तर चोराला नुसत्या हातांच्या बळावर काम करावं लागतं.

बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे मात्र यातलं काहीच कायमचं टिकत नाही. त्याच्या चकतीतले कण पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतात. यावर गंमतीचं संशोधन झालं आहे. ब्रिटनमधलं डरहॅम विद्यापीठ आणि जर्मनीतली फ्राउनहोफर संस्था यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रोटियस नावाचा पदार्थ तयार केला. अ‍ॅल्युमिनियमच्या फेसाळ धातूत सिरॅमिकचे गोळे बसवलेले. घनता पोलादाच्या १५ टक्के. चकती गोळ्याला भिडली की कंपनं उलट चकतीवरच येतात आणि तिची धार बोथट होते. शिवाय सिरॅमिकचा भुगा फटींत बसून आणखी अडथळा करतो. कल्पना त्यांना ग्रेपफ्रूटच्या सालीवरून आणि सागरी शिंपल्यावरून सुचली. ग्राइंडरला दाद न देणारी कुलपं आता बाजारात येऊ लागली आहेत, पण तळावरच्या सामान्य माणसाची साखळी अजून पोलादाचीच आहे. ती चोराला थांबवत नाही, उशीर करते. आणि कापताना ग्राइंडर ठिणग्या उडवत किंचाळतो.

त्या किंचाळण्याला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ऐकायला कुणीतरी असतं. फ्लोरिडातल्या चक्रीवादळांनंतर एक किस्सा नेहमी सांगितला जातो: वीज गेलेल्या घराबाहेर जनरेटर चालू होता; चोरांनी गवत कापायचं यंत्र सुरू करून त्याच्या शेजारी ठेवलं आणि जनरेटर उचलून नेला. घरातल्यांना आवाज ऐकू येत होता, म्हणून ते निर्धास्त. किस्सा खरा असो वा रचलेला, त्यातलं मेंदूविज्ञान खरं आहे. एकसारखा चालणारा आवाज मेंदू थोड्याच वेळात बाजूला टाकतो. जाग येते ती बदलाने. म्हणून आवाजावर विसंबून राखण होत नाही. शेजाऱ्याशी ओळख करून घेणं, दोघांनी एकमेकांच्या सामानावर लक्ष ठेवणं, हीच कोहेन-फेल्सन यांच्या तिसऱ्या गोष्टीची खरी तजवीज. क्वार्ट्झसाइटला वर्षानुवर्षं येणारे लोक एकमेकांजवळ गोलाकार तळ टाकतात, त्यातही हा हेतू असतोच.

एकटं उभं असलेलं कुटुंब मात्र दुसरा मार्ग धरतं, आणि तिथेच घात होतो. जनरेटर नजरेसमोर राहावा म्हणून ते खिडकीखाली, दारालगत ठेवतात, गाडीच्या चौकटीला आखूड साखळीने बांधतात आणि रात्री चालू ठेवून झोपतात. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तातली जागा हळूहळू बळकावत जातो. आधी डोकं दुखतं, मळमळतं. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मते एक छोटा जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि अशा जनरेटरांमुळे त्या देशात दरवर्षी १०० च्या आसपास माणसं दगावतात. बाहेर उघड्यावर आहे म्हणून धोका नाही, हा समज चुकीचा आहे. चौकोनी गाडीवरून वारा वाहतो तेव्हा तिच्या आडोशाला भोवरे तयार होतात, आणि तिथे ठेवलेल्या यंत्राचा धूर बाहेर न जाता तिथेच घुमत राहतो. नळासाठी, वायरीसाठी गाडीच्या तळाला पाडलेल्या भोकांतून तो आत शिरतो. नव्या जनरेटरांत वायू वाढला की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, तो चांगलाच आहे. पण तो यंत्राजवळची हवा मोजतो, तुमच्या उशीजवळची नाही.

आयोगाचा सल्ला आहे: जनरेटर राहत्या जागेपासून किमान २० फूट, म्हणजे सहा मीटर दूर, आणि धुराचं तोंड पलीकडे. आता हिशेब करू. १३ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण साडेतीन किलो भरते. सहा मीटरची साखळी म्हणजे २१ किलो, म्हणजे जनरेटर जेवढा तेवढीच साखळी! एवढं ओझं कुणी वाहून नेत नाही, आणि मग साखळी आखूड होत होत यंत्र खिडकीखाली येतं.

यावर सर्वांत साधा तोडगा तळावरच उभा असतो. ट्रेलर ओढून आणणाऱ्यांकडे पिकअप ट्रक असतो. मोठी मोटरहोम चालवणारे पुष्कळ जण मागे छोटी मोटार ओढत आणतात. ती गाडी राहत्या घरापासून सहा-सात मीटरवर, वारा पाहून लावायची आणि जनरेटर तिच्या मागच्या हुकाला दीड मीटरच्या भारी साखळीने बांधायचा. साखळी आखूड आणि धूर लांब, असं दोन्ही साधतं. त्या मोटारीत मात्र कुणी झोपू नये. जमिनीत पिळून बसवायचे स्क्रूसारखे खुंटेही मिळतात, पण भुसभुशीत वाळूत ते धरत नाहीत, आणि जसे पिळून बसवले तसे उलटे पिळून निघतातही.

रात्री यंत्र आत घेऊन झोपावं का? नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, फरशीलगत पसरते, आणि आरव्हीतला गॅसवर चालणारा फ्रिज ज्योत पेटवून ठेवतो.

ट्रॅकरबद्दल थोडक्यात. २०२१ मध्ये आलेला अ‍ॅपलचा एअरटॅग आजूबाजूच्या आयफोनांच्या आधाराने जागा कळवतो. ओसाड वाळवंटात आजूबाजूला फोनच नसले तर तो मुका राहतो. त्याला ६० अंश सेल्सिअसपर्यंतचीच उष्णता चालते, म्हणून इंजिनाजवळ ठेवून उपयोग नाही. त्यापेक्षा यंत्रावर कोरलेल्या अनुक्रमांकाचा फोटो आणि पावती जपून ठेवणं जास्त कामाचं. अमेरिकेच्या पोलिसांच्या राष्ट्रीय संगणक नोंदीत चोरीच्या वस्तू अनुक्रमांकासह चढवता येतात. क्रमांकच माहीत नसेल तर सापडलेलं यंत्र तुमचं हे सिद्ध कसं करणार?

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबंही आता सुट्टीत आरव्ही भाड्याने घेऊन निघतात. भाड्याच्या गाडीत झोपण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासून पाहावा. त्याच्या सेन्सरला आयुष्य असतं, मुदत त्याच्या मागे छापलेली असते.

मुळात रात्री जनरेटर चालवावा का लागतो? क्वार्ट्झसाइटसारख्या ठिकाणी याचं एक मोठं कारण वय आहे. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना सीपॅप यंत्र रात्रभर लागतं, आणि वीज बंद पडेल या धास्तीने ते जनरेटर चालू ठेवतात. म्हणजे धूर आणि चोर, दोन्हींच्या तावडीत तेच सापडतात. यावर आता चांगला उपाय आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दहा-बारा किलोंची असते आणि सव्वा युनिटहून थोडी जास्त वीज साठवते. दिवसा, मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेला असताना, जनरेटर दोन तास चालवून ५० अँपिअरने ती भरता येते. हवा ओलसर आणि कोमट करणारा हीटर बंद ठेवला तर सीपॅपला आठ तासांना साधारण पाव ते अर्धं युनिट लागतं. सकाळी बॅटरीत निम्म्याहून जास्त वीज शिल्लक असते.