लांबलचक नावाची फोड

इंदापूरच्या डाळिंब बागायतदाराला ‘तेल्या’ म्हटलं की पानाफळांवरचे तेलकट डाग डोळ्यांपुढे येतात. त्यामागच्या जिवाणूचं नाव मात्र झँथोमोनास ॲक्सोनोपोडिस पीव्ही. प्युनिसी! आधी जिभेसाठी तोडा: झँ-थो-मो-नास. मग अर्थासाठी: ग्रीक ‘झँथो’ म्हणजे पिवळा, ‘मोनास’ म्हणजे एकक. या जिवाणूच्या वसाहती पिवळ्याच दिसतात. ‘प्युनिसी’ आलं डाळिंबाच्या ‘प्युनिका’ या शास्त्रीय नावावरून.

उसातल्या हुमणीवर सोडतात ते ‘एंटोमोपॅथोजेनिक’ सूत्रकृमी. उच्चाराला सात तुकडे, अर्थाला तीनच: एंटोमो (कीटक), पॅथो (रोग), जेनिक (निर्माण करणारा). यातला ‘पॅथो’ बारामतीत पॅथॉलॉजी लॅबच्या पाटीवर रोज दिसतो. दुकानात मात्र ‘ईपीएन’ एवढंच मागावं, तेच बरं.

मराठी शब्दालाही हीच कात्री चालते. माळेगावला २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या नावात ‘अजैविक ताण’ आहे: अ + जीव + इक. ‘इक’ लागला की ‘जी’चा ‘जै’ होतो. दुष्काळ, क्षारपड जमीन, उष्णता हे असले ताण. कीड-रोग त्यात येत नाहीत.