मत्स्यपेटीचे पाणी

घरच्या काचपेटीतले मासे उपासमारीने क्वचितच मरतात. ते बहुधा आपल्या स्वच्छतेच्या हौसेने मरतात. रविवार उजाडला की पेटी मोरीत न्यावयाची, सारे पाणी ओतून द्यावयाचे, वाळू खळखळून धुवावयाची, वनस्पती उपटून पुन्हा रोवावयाच्या आणि नळाचे ताजे पाणी भरावयाचे, असा नेम अनेक घरांत असतो. सोमवारी मासा उताणा तरंगला की दोष दुकानदाराचा!

वास्तविक त्या गढूळ दिसणाऱ्या वाळूतच पेटीचा जीव असतो. माशांच्या कल्ल्यांतून व उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया पाण्यात येतो. तो विषारी. वाळूतले काही जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट बनवितात, आणि ते माशांना बऱ्याच अंशी सोसते. अमोनिया आणि नायट्रेट ही वनस्पतींना खतासारखी. जंतूंची ही वसाहत जमण्यास चारसहा आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत आधी वनस्पती लावाव्यात आणि मासे मागाहून, थोडेथोडे सोडावेत. वाळू धुतली की ही वसाहत मोरीतून वाहून गेलीच म्हणून समजा.

आपल्या नळाचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या जलाशयांतून येते. ते निर्जंतुक राहावे म्हणून त्यात क्लोरीन असतो. आपल्याला तो उपकारक. कल्ल्यांना आणि वाळूतल्या जंतूंना मात्र घातक. ठरावीक वेळी येणारे पाणी भरून ठेवण्याची शिवडीच्या चाळींतली सवय येथे कामी येते. बादली दिवसभर उघडी ठेवली की क्लोरीन बराचसा उडून जातो. वर विरळ फडके मात्र बांधावे, नाही तर डासांची पैदास व्हायची.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. (तेवढेच किलो वजन, डुगडुगत्या स्टुलावर ती ठेवू नये.) आठवड्याला त्याचा चौथा हिस्सा बदलला की पुरे, म्हणजे एक बादली.

वाळू नदीची घ्यावी. खाडीकाठच्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. त्याने पाणी जड होते. शिवडीचा चिखल रोहित पक्ष्यांना मानवतो, गप्पीच्या पेटीला नव्हे. वनस्पतींत फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला या आपल्याकडच्याच, आणि चिवट. त्यांना रोज आठ तास उजेड द्यावा. पण खिडकीचे थेट ऊन लागले तर पाणी हिरवे होते.

उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात. रात्री मात्र माशांप्रमाणे त्याही तो घेतात. शिवाय २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांवर साडेसातच. म्हणून वैशाखातल्या पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागतात. ती भूक समजून खाणे टाकू नये. ते कुजताना आणखी प्राणवायू खाते. हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा.